स्वतःच्या व्हीलचेअरवर बसून विमानप्रवास का करता येत नाही?

इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रवाशासाठी विमानप्रवासातला सगळ्यात अवघड क्षण टेक-ऑफचा नसतो. तो विमानाच्या दाराशी येतो. तिथे त्याला स्वतःच्या खुर्चीतून उचलावं लागतं. एक कर्मचारी मागून काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली धरतो आणि दोघं मिळून त्याला 'आयल चेअर'वर ठेवतात. आयल चेअर म्हणजे सीट्सच्या मधल्या वाटेतून जाईल अशी जेमतेम रुंदीची खुर्ची. पट्ट्यांनी बांधून त्याला सीटपर्यंत नेलं जातं आणि तिथे पुन्हा उचलून बसवलं जातं. त्याची स्वतःची खुर्ची तोपर्यंत बॅगांसोबत विमानाच्या पोटात जाते. उतरताना हेच सगळं उलट क्रमाने.

हाच प्रवासी अमेरिकेत शहर बसने गेला असता, तर रॅम्पवरून खुर्चीसकट आत गेला असता. ठरलेल्या जागेवर खुर्ची बांधली असती आणि बस निघाली असती. तिथल्या सार्वजनिक बसमध्ये व्हीलचेअर बांधायची जागा आणि पट्टे असणं १९९० च्या अपंगत्व कायद्यानुसार बंधनकारक आहे. मग बसमध्ये जमतं ते विमानात का जमत नाही? 'सुरक्षेमुळे' हे याचं नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. खुर्ची विमानात घट्ट बांधणं तितकंसं अशक्य नाही, असं आता तज्ज्ञच सांगतात. घोडं अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

उचलून सीटवर बसवलं तर बिघडतं काय?

ज्याला व्हीलचेअर म्हणजे फक्त 'चाकांची खुर्ची' वाटते, त्याला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण मणक्याची इजा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीची इलेक्ट्रिक व्हीलचेअर तिच्या शरीराच्या मापाने बनवलेली असते. पाठ किती कलती हवी, डोक्याला आधार कुठे, मांडीखालची गादी कशी, हे सगळं ठरवून. धड सरळ ठेवायला ज्यांचे स्नायू साथ देत नाहीत, त्यांना ही खुर्चीच सरळ ठेवते. विमानाच्या सीटवर यातलं काहीच नसतं.

त्यात ज्यांना कमरेखाली संवेदना नाही, त्यांना एकाच जागी सतत दाब पडतोय हे कळतच नाही. काही तासांत कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम सुरू होते. बेडसोअर म्हणतात ती हीच. मुंबईहून अमेरिकेला थेट जाणाऱ्या विमानात पंधरा-सोळा तास बसावं लागतं, हे लक्षात घेतलं की धोका किती ते समजतं. उचलताना हात निसटणं, खांदा दुखावणं, जमिनीवर पडणं हे वेगळंच. आणि चार अनोळखी लोकांसमोर असं उचलून नेलं जाण्यात जो संकोच असतो, त्याची नोंद कुठल्याच फॉर्मवर होत नाही.

दुसरा धोका खाली गेलेल्या खुर्चीला. अमेरिकेत मोठ्या एअरलाइन्सना हाताळलेल्या आणि खराब, उशिरा किंवा गहाळ झालेल्या व्हीलचेअर-स्कूटरचा हिशेब सरकारला द्यावा लागतो. २०२३ या एका वर्षात हा आकडा ११,५२७ होता. शंभरामागे एकाहून थोडं जास्त. बॅग हरवली तर आपण दोन दिवस त्याच कपड्यांत काढतो. इथे मात्र माणसाचे पायच गेलेले असतात.

एन्ग्रेशिया फिगरोआ या अमेरिकेतल्या अपंग हक्क कार्यकर्त्या. जुलै २०२१ मध्ये वॉशिंग्टनहून लॉस एंजेलिसला परतताना त्यांची खास बनवून घेतलेली व्हीलचेअर विमानात निकामी झाली. विमानतळावर त्यांना कित्येक तास दुसऱ्याच, मापात न बसणाऱ्या खुर्चीत काढावे लागले. त्यातून जखम झाली, ती बळावली. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या सहकाऱ्यांनी या मृत्यूचा थेट संबंध त्या तुटलेल्या खुर्चीशी जोडला आणि 'आम्हाला आमच्या खुर्चीतच बसू द्या' ही मागणी अमेरिकेत एकदम मोठ्या आवाजात होऊ लागली.

खुर्ची मोडते कशी?

बऱ्याचदा निष्काळजीपणे. पण कधीकधी चक्क विमानाच्या रचनेमुळेही. बोइंग ७३७ च्या सामानकक्षाचं दार साधारण ३५ इंच उंचीचं असतं. पाठ आणि डोक्याचा आधार धरून इलेक्ट्रिक व्हीलचेअर यापेक्षा सहज उंच भरते. मग पाठ दुमडा, नाहीतर खुर्ची आडवी करा. दीडशे किलो किंवा त्याहून जड वस्तू, तीही अशा नाजूक ठिकाणी धरून आडवी करायची म्हटल्यावर जॉयस्टिक तुटणं, फ्रेम वाकणं, वायर निसटणं ओघानेच आलं.

विमानाची सीट नेमकी काय सहन करते?

आता मूळ प्रश्नाकडे. आपण बसतो ती साधी इकॉनॉमी सीट बरीच कडक परीक्षा देऊन विमानात आलेली असते. अमेरिकेच्या हवाई नियामकाने, म्हणजे 'एफएए'ने १९८८ मध्ये नव्या विमान-रचनांसाठी '१६ जी'चा नियम आणला. एक 'जी' म्हणजे आपलं नेहमीचं वजन. १६ जी म्हणजे त्याच्या सोळापट जोर. चाचणीत सीटवर माणसाच्या वजनाचा पुतळा बसवतात आणि ताशी सुमारे ४८ किलोमीटरचा वेग क्षणार्धात शून्यावर आल्यासारखा धक्का देतात. त्याआधी सीटखालचे रूळ मुद्दाम १० अंशांत वाकवतात, कारण अपघातात विमानाची जमीन सपाट राहीलच असं नाही. एवढं होऊन सीट जागची सुटता कामा नये.

दुसरी चाचणी वरून खाली आदळण्याची, १४ जी ची. यात पुतळ्याच्या कण्यावर किती भार आला हे मोजतात. समोरच्या भिंतीवर किंवा सीटवर डोकं आपटलं, तर त्या माराचीही मर्यादा ठरलेली आहे.

आता हिशेब करून बघा. सीटचा एका प्रवाशाच्या वाट्याचा भाग साधारण १० किलोचा, पुतळा ७७ किलोचा. १६ जी ला मिळून जोर होतो सुमारे १,४०० किलो वजनाइतका. त्याजागी १५० किलोची व्हीलचेअर आणि तोच पुतळा ठेवला की आकडा जातो ३,६०० किलोवर. अडीचपट. हा सगळा जोर विमानाच्या जमिनीने पेलायचा.

आणि विमानाची जमीन म्हणजे काँक्रीट नव्हे. वर दिसते ती हलकी, पातळ फळी असते. खरी ताकद तिच्यातून लांबीच्या दिशेने धावणाऱ्या धातूच्या रुळांत असते. सगळ्या सीट्स याच रुळांना अडकवलेल्या असतात. त्यामुळे व्हीलचेअर बांधायची तर रुळांनाच बांधावी लागेल आणि चाकांचा भार पसरवायला खाली मजबूत पाट द्यावा लागेल. हे इंजिनीअरिंगचं काम आहे, जादूचं नाही.

बसमध्ये खुर्ची बांधतात तरी कशी?

व्हीलचेअरचा ब्रेक लावला म्हणजे खुर्ची सुरक्षित झाली, हा मोठा गैरसमज आहे. ब्रेक फक्त चाक फिरू देत नाही. गाडी आदळली तर खुर्ची ब्रेकसकट उडते. म्हणून गाडीत चार पट्टे वापरतात, दोन पुढे आणि दोन मागे. खुर्चीच्या फ्रेमवर ठरलेल्या जागी कड्या असतात. त्यांत हूक अडकवून पट्टे ताणून जमिनीला बांधतात. शिवाय माणसासाठी कमरेचा आणि खांद्यावरचा पट्टा वेगळा. खुर्चीला आधीच असलेला बेल्ट बसणं नीट राहावं म्हणून असतो. अपघातात माणसाला धरून ठेवणं हे त्याचं काम नाही.

गाडीत सीट म्हणून वापरायच्या व्हीलचेअरसाठी अमेरिकेत 'डब्ल्यूसी-१९' नावाचं प्रमाण आहे. याच धर्तीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे. यात खुर्ची, बांधणी आणि पुतळा मिळून ताशी ४८ किलोमीटरचा, २० जी चा समोरून धक्का देतात. म्हणजे वेग विमानाच्या चाचणीइतकाच आणि झटका थोडा जास्तच!

मग झालं की काम? नाही. गाड्या वरून खाली पडत नाहीत, त्यामुळे डब्ल्यूसी-१९ मध्ये खाली आदळण्याची चाचणीच नाही. वाकलेल्या रुळांचीही नाही. विमानाच्या सीटची गादी सहजासहजी पेटू नये म्हणून तिला वेगळी अग्निचाचणी द्यावी लागते. व्हीलचेअरच्या गादीचा तसा विचार झालेला नसतो. बॅटरी हा आणखी एक विषय. काढता येणारी लिथियम बॅटरी सध्याही केबिनमध्येच न्यावी लागते, कारण ती पेटली तर निदान लोकांच्या डोळ्यांसमोर पेटेल आणि विझवता येईल. खुर्चीच केबिनमध्ये आली तर तिच्या आत बसवलेल्या बॅटरीचं काय, हे नव्याने ठरवावं लागेल. आणि आणीबाणीत निम्मीच दारं वापरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडले पाहिजेत, हे मोठ्या विमानांना सिद्ध करून दाखवावं लागतं. दाराजवळ बांधलेली खुर्ची त्या वाटेत येऊन चालणार नाही.

तज्ज्ञांनी काय सांगितलं?

अमेरिकन संसदेने २०१८ च्या कायद्यात या विषयाचा अभ्यास करायला सांगितलं. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. त्याचा सूर बऱ्याच जणांना अनपेक्षित होता. ही कल्पनाच अव्यवहार्य ठरावी इतका मोठा तांत्रिक अडथळा आम्हाला दिसला नाही, असं समितीने म्हटलं.

दारांचा प्रश्न आधीच सुटलेला आहे. एअरबस ए३२० चं प्रवेशद्वार ३२ इंच रुंद असतं, बोइंग ७३७ चं ३४ इंच. बहुतेक व्हीलचेअर त्यातून जातात. अडते ती मधली वाट. सीटच्या हातांच्या उंचीखाली ती कमीत कमी १५ इंच असली तरी नियमात बसते. म्हणून खुर्चीची जागा दाराला लागूनच हवी. एका बाजूच्या दोन ओळी काढल्या की खुर्ची वळायला आणि धक्क्यात डोकं पुढे गेलं तरी कुठे आपटू नये एवढी जागा मिळते, असा समितीचा अंदाज होता. लहान प्रादेशिक विमानांची दारं अरुंद असल्याने तिथे हे जमणार नाही, हेही अहवालात आहे. पुढची शिफारस साधी होती: डब्ल्यूसी-१९ पास झालेल्या खुर्च्या घ्या आणि विमानाच्या चाचण्यांत टाकून बघा.

काहींनी तोवर वाट पाहिली नव्हती. मिशेल अर्विन या अमेरिकन आईने २०११ मध्ये 'ऑल व्हील्स अप' ही संस्था काढली. त्यांचा मुलगा व्हीलचेअर वापरतो. या संस्थेने देणग्या जमवून व्हीलचेअर बांधणीच्या क्रॅश टेस्ट करून घेतल्या. सरकारने करायच्या चाचण्या एका आईने वर्गणी काढून कराव्यात, हेही या गोष्टीत नोंदवण्यासारखं.

ब्रिटनमध्ये दोन अपंग मुलांचे वडील असलेल्या क्रिस वूड यांची 'फ्लाइंग डिसेबल्ड' ही मोहीम, 'प्रीस्टमनगूड' ही डिझाइन कंपनी आणि इतरांनी मिळून 'एअर-फॉर-ऑल' ही रचना मांडली. जून २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या विमान-अंतर्रचना प्रदर्शनात डेल्टा एअरलाइन्सच्या उपकंपनीने तिचा नमुना दाखवला. कल्पना हुशारीची आहे. पुढच्या ओळीतली ही सीट नेहमी साधी सीटच असते. व्हीलचेअरचा प्रवासी आला की तिची गादी वर दुमडली जाते, खुर्ची मागे सरकत त्या खाचेत येते आणि लॉक होते. डोक्याचा आधार, ट्रे सगळं सीटचंच वापरायचं. असा प्रवासी नसेल त्या दिवशी तीच सीट कुणालाही विकता येते.

मग घोडं नेमकं कुठे अडलंय?

विमानातला प्रत्येक स्क्रू कुणीतरी प्रमाणित केलेला असतो. सीट बनवणारी कंपनी नियामकाला कागद दाखवते, एअरलाइन तिची देखभाल करते, जबाबदारी ठरलेली असते. व्हीलचेअर मात्र प्रवाशाच्या घरून येते. तिच्यावर नंतर कुणी नवी गादी घातलेली असेल, व्हेंटिलेटर लावलेला असेल, गल्लीतल्या मेकॅनिककडून वेल्डिंग करून घेतलं असेल. ती अपघातात तुटली तर जबाबदार कोण? एअरलाइन म्हणते आम्ही नाही, खुर्ची बनवणारा म्हणतो मी ती विमानासाठी बनवलीच नव्हती. विमानासाठी खुर्चीचं प्रमाण नाही, म्हणून कंपन्या तशी खुर्ची बनवत नाहीत. खुर्च्या नाहीत, म्हणून एअरलाइन जागा करत नाही. जागा नाही, म्हणून प्रमाणाची घाई कुणालाच नाही.

पण प्रवाशाची घरून आणलेली वस्तू विमानात सीट म्हणून चालतच नाही असं कुठे आहे? लहान मुलांची कार-सीट आठवा. अमेरिकेत गाडीसाठीच्या चाचणीत पास झालेल्या आणि 'वाहनांत व विमानांत वापरण्यास प्रमाणित' असं लेबल असलेल्या कार-सीटवर मूल बसवून विमानात नेता येतं. विमानासाठी त्या चाचणीत एक जास्तीची पायरी घातली, बस्स. ती आई-बाबांचीच असते, त्यांनीच विकत घेतलेली. दीडशे किलोची व्हीलचेअर आणि पाच किलोची कार-सीट यांत फरक आहेच. पण घरची वस्तू, बाहेरची चाचणी, वर एक लेबल, ही वाट आधीपासून मळलेली आहे.

दुसरी अडचण पैशांची आणि ती कुणी लपवतही नाही. विमानात इंच इंच विकला जातो. अमेरिकेतल्या ७३७ किंवा ए३२० मध्ये पुढे ऐसपैस फर्स्ट क्लास असतो, तिथे दुमडणारी सीट बसवणं सोपं. भारतात इंडिगोच्या बहुतेक ए३२० विमानांत पहिल्या ओळीपासूनच तीन-तीन सीट्स आहेत. तिथे दोन ओळी काढायच्या म्हणजे प्रत्येक फेरीला सहा तिकिटं. दुसरीकडे, आजारी माणसाला स्ट्रेचरवर न्यायचं असेल तर काही एअरलाइन्स कित्येक सीट्स दुमडून जागा करतात आणि त्या सगळ्यांचे पैसे घेतात. म्हणजे जागा निघू शकते. तिचं बिल कुणाच्या नावे फाडायचं हा वाद आहे.

मे २०२४ मध्ये अमेरिकेत झालेल्या नव्या हवाई वाहतूक कायद्याने २०२१ च्या शिफारशींनुसार चाचण्यांचा आराखडा आणि आर्थिक बाजूचा अभ्यास करायला सरकारला सांगितलं आहे. एक गोष्ट मात्र खुर्ची लॉक करूनही सुटणार नाही: टॉयलेट. एकाच वाटेच्या विमानांत व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला वापरता येईल असं टॉयलेट देण्याचा अमेरिकेचा नियम २०२३ मध्ये आला, पण तो लागू होणारी नवी विमानं २०३० च्या दशकाच्या मध्याला येतील. तोवर अनेकजण प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतात, तेच चालू राहील.

भारतात आज काय स्थिती?

केबिनमध्ये स्वतःची खुर्ची बांधण्याची सोय इथे नाही आणि तसा नियमही नाही. आपल्याकडचा झगडा अजून त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका अपंग मुलाला विमानात चढू दिलं नाही, तेव्हा 'डीजीसीए'ने एअरलाइनला ५ लाखांचा दंड केला आणि नियम बदलले. प्रवाशाची तब्येत उड्डाणात बिघडेल असं वाटलं, तर आता विमानतळावरच्या डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. कर्मचाऱ्यांनी आपल्या मनाने ठरवायचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर व्हीलचेअर न मिळाल्याने चालत निघालेल्या ८० वर्षांच्या प्रवाशाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात दंड ३० लाखांचा होता.

तिकीट काढताना एक गोष्ट नीट सांगायला हवी. एअरलाइनकडे तीन वेगळे कोड असतात. 'डब्ल्यूसीएचआर' म्हणजे लांब चालवत नाही, पण जिने चढता येतात. 'डब्ल्यूसीएचएस' म्हणजे जिने चढता येत नाहीत, पण विमानात सीटपर्यंत चालता येतं. 'डब्ल्यूसीएचसी' म्हणजे सीटपर्यंत न्यावंच लागतं. नुसतं 'व्हीलचेअर हवी' म्हटलं की बहुधा पहिला कोड पडतो आणि दाराशी आयल चेअर नसते. मागणी किमान ४८ तास आधी नोंदवायची. त्याच वेळी खुर्चीची उंची, वजन आणि बॅटरीचा प्रकार लेखी कळवायचा. काढता येणारी लिथियम बॅटरी असेल तर ती ३०० वॉट-तासांच्या आत आहे का हे तिच्यावरच छापलेलं असतं.

खुर्ची ताब्यात देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, जॉयस्टिक गुंडाळा आणि गादी, डोक्याचा आधार असे सुटे भाग सोबत केबिनमध्ये घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात व्हीलचेअर कायद्याने 'सामान' धरली जाते आणि भरपाईला मर्यादा आहे. डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर, म्हणजे साधारण पावणेदोन लाख रुपये आहे. मापाने बनवलेली इलेक्ट्रिक खुर्ची याच्या कितीतरी पट महाग असू शकते. चेक-इनच्या वेळी तिची खरी किंमत सांगणारं 'विशेष घोषणापत्र' भरून देण्याची सोय मॉन्ट्रियल करारात आहे. काउंटरवर ते मागावं लागतं, आपणहून सहसा कुणी देत नाही.